पाइप आमचा, खोदाई तुमची

वाघमारे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या फाटकासमोर रस्त्यावर पालथे पडलेले होते.

मी बँकेतून घरी येत होते. उस्मानपुऱ्यापासून हर्सूलपर्यंत एप्रिलच्या उन्हात स्कूटी चालवली की माणसाचं डोकं तसंही ठिकाणावर नसतं. त्यात आपल्याच दारात पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक धिप्पाड माणूस पोटावर पडलेला दिसला! ऊन लागलं असणार बिचाऱ्याला, असं वाटून मी घराकडे तोंड करून ओरडले, "अहो, कुणीतरी पाणी आणा!" त्यावर त्या माणसानं मानही न वळवता उत्तर दिलं, "आणा ताई, ग्लासभर आणा. मला लागणारच हाय."

मग ते उठून बसले, शर्टावरची माती झटकली आणि म्हणाले, "जय भीम. मी वाघमारे, वॉर्ड ऑफिसचा. रॅम्पखालच्या पाइपासाठी अर्ज दिला होता ना तुम्ही?"

दिला होता खरा, पण तो थंडीत, आणि आमचे सुहासराव तेव्हाच म्हणाले होते की अर्जावर माणूस आला तर मी मिशी काढीन. त्यामुळे मी तो विषय कधीच सोडून दिला होता. मिशी अजून आहे, हे जाता जाता सांगते. पुरुषांच्या पैजा.

आमची गल्ली जेलच्या मागच्या अंगाला आहे आणि ती सगळी उताराची. घरांच्या पुढून नाली जाते आणि गाडी आत घ्यायची म्हणून प्रत्येकानं नालीवर सिमेंटचा रॅम्प घातलेला आहे. रॅम्पखाली पाइप. गल्ली नवी होती तेव्हाचे ते पाइप पार खिळखिळे झाले होते. कुठे फुटलेले, कुठे मातीनं बुजलेले. पाऊस आला की पाणी एकेका रॅम्पला अडायचं, रस्त्यावर चढायचं आणि सुसाट खाली यायचं. खाली म्हणजे आमच्याकडे, कारण गल्लीतलं शेवटचं घर आमचं. वरच्या मंडळींनी मागच्या जन्मी काय पुण्य केलं होतं कोण जाणे, दरवर्षी त्यांच्या चपला आमच्या पोर्चमध्ये सापडायच्या.

त्या वर्षी वॉर्ड ऑफिसनं एक चांगली सोय काढली होती. रॅम्पखालचा पाइप खराब असेल तर नवा पाइप पालिका देणार, किती खोल आणि कुठल्या उतारानं बसवायचा ते त्यांचा माणूस येऊन दाखवणार. खोदायचं आणि वरचा रॅम्प परत करायचा तो घरमालकानं. वाघमारे साहेब हे सगळं एका दमात सांगायचे, "पाइप आमचा, खोदाई तुमची, अन् पाणी सगळ्यांचं."

मी माठातलं गार पाणी आणून दिलं. त्यांनी अर्धा ग्लास पिऊन टाकला आणि उरलेला अर्धा अगदी जपून रॅम्पच्या कडेला ओतला. मग उकिडवे बसून ते पाणी कुठं जातंय ते बघत राहिले. मला वाटलं, माठाचं पाणी आवडलं नाही की काय. "बघा," ते म्हणाले, "ते बी नालीत जायचं सोडून तुमच्या घरात यायलंय. सवय लागली त्याला."

ही त्यांची पद्धत होती. कुठल्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे, अर्धं स्वतःला, अर्धं रॅम्पला. वरच्या अंगाच्या जोशी सरांनी एकदा कौतुकानं लिंबाचं सरबत आणलं. साहेबांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आता साधं पाणी द्या सर. सरबत ओतलं तर लेव्हल मुंग्या काढतील."

स्कूटरच्या डिकीत त्यांच्याकडे कायम दुसरा इस्त्रीचा शर्ट असायचा. अंगावरचा रस्त्याचा, डिकीतला ऑफिसचा. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा कोळसा विकणारा बरा, असं ते अभिमानानं सांगायचे. मग पांढरा कशाला घालता, असं मी विचारलं. तर म्हणाले, "ताई, मळका शर्ट घालून गेलो की लोक म्हणतात मजूर आला, साहेबाला पाठवा. पांढरा घालून गेलो की म्हणतात साहेब आला. अन् साहेब मातीत झोपला की मग ते बी झोपतात." हे त्यांचं म्हणणं अगदी खरं ठरलं, कारण पुढच्या काही दिवसांत आमची सगळी गल्ली रस्त्यावर आडवी झाली.

त्याचं असं की पाइप तपासायला साहेब एका तोंडाशी पालथे पडायचे आणि दुसऱ्या तोंडाशी घरमालकाला पाडायचे. मग पाइपातून आवाज यायचा, "दिसलो का?" दिसलो तर पाइप ठीक. नाही दिसलो तर नवा. जोशी सर पडले, त्यांच्या पलीकडच्या पिठाच्या गिरणीवाल्या वहिनी पदर खोचून पडल्या, आमचे सुहासरावही पडले. त्यांना पाइपातून साहेब म्हणाले, "तुमची मिशी दिसायली, डोळे नाय. म्हंजे पाइप मधीच बसलाय."

जोशी सरांच्या इथं एक अडचण होती. येणारे-जाणारे नालीपाशी उभे राहून नको ते उद्योग करतात म्हणून सरांनी रॅम्पच्या बाजूला, बरोब्बर पाइपाच्या तोंडावर, देवांच्या फरशा लावल्या होत्या. गणपती, दत्त, साईबाबा, शिवाय कुणाला वाईट वाटू नये म्हणून मक्केची एक आणि क्रूसाची एक. उपाय अक्सीर होता. पण आता पाइप बदलायचा तर त्यावर छिन्नी कुणी चालवायची? रफिक मिस्त्री म्हणाला, "नक्को साब, मेरेसे नै होता." सर म्हणाले माझ्याच्यानं होणार नाही. शेवटी साहेबांनी सरांच्या बाईंकडून एक धुतलेलं लुगडं मागून घेतलं, स्वतः मांडी घालून बसले आणि सकाळभर बारीक ठोके देत एकूण एक फरशी अख्खी सोडवली. प्रत्येक फरशी लुगड्यात गुंडाळून बाईंच्या हातात देताना म्हणायचे, "घ्या, पाहुणे आले. परवा परत पाठवू." एकाही फरशीचा टवका उडाला नाही. बाई आजही ती गोष्ट सांगतात आणि सांगताना लुगडंही दाखवतात.

पण आमच्या गल्लीनं साहेबांना सगळ्यात जास्त हसवलं ते पहिल्या खेपेला. ट्रकमधून नवे पाइप उतरले आणि साहेबांना दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं. "मी उद्या येऊन लेव्हल देतो, तोवर कुणी बसवू नका," असं सांगून ते गेले. थांबेल ती आमची गल्ली कसली? फुकटचा पाइप दारात पडलेला, उद्या कुणी उचलून नेला तर? संध्याकाळपर्यंत एक घर सोडून ज्यानं त्यानं आपापला पाइप बसवून टाकला. आता वरच्या घराची घाण आपल्या दारात यायला नको, म्हणून प्रत्येकानं मनाशी एकच विचार केला आणि वरच्या शेजाऱ्याला न सांगता आपला पाइप त्याच्या पाइपापेक्षा वीतभर उंच ठेवला. दुसराही तसंच करत असेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. परिणामी उतारावरच्या गल्लीत नाली मात्र जिना चढल्यासारखी वर वर चढत आमच्या दारापर्यंत आली. आम्हीही काही साधूसंत नव्हतो. आमचा पाइप सगळ्यात उंच होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं आणि खाली चालत निघाले. पाणी पहिल्याच रॅम्पशी थबकलं. साहेबांनी एकदा पाइपांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि मग नालीच्या काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आम्ही सगळे चोरासारखे उभे. "आवं, एवढी एकी!" ते हुंदके आवरल्यासारखं करत म्हणाले. "सगळ्यांनी एकच डोकं लावलं. एकानं बी वेगळं लावलं नाय!" चिडले असते तर आम्ही दोन शब्द उलट बोललो असतो, पण हसणाऱ्या माणसापुढे काय बोलणार? त्यांनी कुंपणांच्या भिंतींवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चुन्याची रेघ मारून दिली आणि आम्ही मुकाट्यानं सगळे पाइप परत उपसले.

राहिला तो काळे नानांचा रॅम्प. तो आमच्या रॅम्पला लागून वरचा. तो झाल्याशिवाय बाकीच्या सगळ्या गल्लीचं केलेलं काम फुकट होतं, कारण सगळं पाणी नानांच्या बुजलेल्या पाइपाशी येऊन थांबणार आणि आमच्या घरात शिरणार. आणि नाना रॅम्पला हात लावू देत नव्हते.

नाना शेतीखात्यातून निवृत्त झालेले. फुलंब्रीकडे जमीन, इथं हे घर. आडमुठे मुळीच नव्हते. पण त्यांच्या बायकोचे, माईंचे, पाय अर्धांगवायूनं गेले होते, आणि घरातून बाहेर पडायला त्यांच्या चाकाच्या खुर्चीला तो रॅम्प ही एकच वाट होती. रोज संध्याकाळी नाना माईंना खुर्चीतून चौकात न्यायचे. तिथं कौसाबाई भाजी घेऊन बसायची. ती माईंच्या माहेरची, फुलंब्रीच्या पुढच्या खेड्यातली. पाटी रिकामी झाली की काळीपिवळी जीप धरून गावी परत जायची. माई तिच्याकडून जुडी-दोन जुड्या घ्यायच्या आणि त्याबरोबर माहेरचं सगळं ऐकून यायच्या. कुणाची भिंत पडली, कुणाच्या सुनेचं बिनसलं, कुणाचा बैल हरवून सापडला. "फोनवर नुसत्या मयती अन् लग्नं कळतात," माई म्हणायच्या. "बाकीचं गाव कौसाकडंच हाय." कौसाबाईलाच घरी बोलावत जा की, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यावर मला उत्तर मिळालं, "मायेर दारात मागवायचं नसतं बाई, उठून जायचं असतं."

मागं एकदा कुठल्याशा वायरवाल्यांनी त्यांच्या फाटकासमोर चर खणला होता आणि तो तसाच उघडा टाकून ते निघून गेले होते. माई सगळा श्रावण घरात अडकल्या. आधी चिडल्या, मग रडल्या, आणि मग बोलायच्याच बंद झाल्या. नाना ताट घेऊन समोर बसायचे आणि त्या भिंतीकडे बघत राहायच्या. तेव्हापासून पहार घेतलेला माणूस दिसला की नाना फाटकाला कुलूप लावायचे.

साहेबांनी त्यांच्याकडेही पाणी मागितलं. नानांनी ग्लास आणून दिला आणि स्पष्ट सांगितलं, "पिऊन टाका सगळं. ओतू नका. हितं खोदायचं नाय."

"का म्हणून?"

"तुमचं खोदणं सकाळी सुरू होतं, साहेब. बुजायचं कधी, ते कुणी सांगत नाय."

मला वाटलं, आता साहेब नियम काढतील. त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं आणि माईंकडे वळून विचारलं, "माई, चौकातून किती वाजता परत येता?" दिवेलागणीला, माई म्हणाल्या. "अन् निघता कधी?" ऊन उतरलं की. साहेब म्हणाले, "मग तुम्ही रात्री झोपून उठा, च्या घ्या, तोवर मी खोदतो. ऊन उतरायच्या आत तुमची वाट मोकळी. हा वाघमारेचा शब्द."

नानांनी रिकामा ग्लास परत घेतला. मग म्हणाले, "शब्द चुकला तर?"

"तर तुमच्या दारात बसून राहीन, पण माईंचं मायेर चुकू देणार नाय."

आता सरकारी माणसानं शब्द द्यायचा आणि नानांसारख्यानं तो घ्यायचा, यात दोघांचीही हिंमत होती. खोदाईच्या दिवशी मी बँकेतून लवकर निघाले. पाणी माझ्या घरात शिरणार होतं हे खरं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला माझ्या घराचं काही सुचत नव्हतं. मला माईंचा तो श्रावण आठवत होता.

येऊन बघते तर रॅम्प फुटलेला, चर उघडा, पाइप काठावर पडलेला, आणि रफिक मिस्त्री डोक्याला हात लावून बसलेला. "साब, नीचे काला पत्थर निकला," तो म्हणत होता. "पूरा दिन पहार मारा. आज तो नक्को समझो." साहेब चरात उतरून तो काळा खडक हातानं चाचपत होते. ऊन उतरायला लागलं होतं.

फाटकाच्या आत माई तयार होऊन बसल्या होत्या. केस विंचरलेले, हिरवं लुगडं, मांडीवर भाजीची पिशवी. नाना त्यांच्या खुर्चीमागं उभे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चराकडे बघत होते. माईच हळू आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आज."

हे साहेबांनी ऐकलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मी त्यांना इतके दिवस पाहत होते, पण लाज वाटलेली कधी पाहिली नव्हती. ते चरातून वर आले, हात झटकले, इकडे तिकडे बघितलं, आणि त्यांची नजर नानांच्या फाटकावर जाऊन थांबली. चांगलं जाड पत्र्याचं, मागून पट्ट्या मारलेलं, रुंद फाटक.

"नाना, फाटक कुणी केलं?"

"फुलंब्रीच्या लोहारानं," नाना तुटकपणे म्हणाले. "हत्ती धडकला तरी पडायचं नाय."

"हत्ती नाय, मी हाय. काढा ते."

क्षणभर नानांना काही कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी स्वतः धावत जाऊन पहार आणली. रफिक, सुहास, जोशी सर, सगळ्यांनी मिळून ते फाटक बिजागऱ्यांतून उचलून बाहेर घेतलं आणि चरावर आडवं टाकलं. साहेब आधी स्वतः त्यावरून चालून गेले. मधोमध पत्रा थोडा दबला. माई एकदम म्हणाल्या, "नको, नको, मी पडंन." साहेब सरळ चरात उतरले, वाकले आणि फाटकाच्या मध्यावर खालून पाठ लावली. "चला माई. आता हालायचं नाय."

"अहो साहेब! माणसाला पायाखाली घेऊन जाऊ का मी? पाप लागंल!"

"मायेरला जाताना पाप लागत नाय," चरातून आवाज आला. "चला लवकर, जीप सुटंल."

नानांनी खुर्ची ढकलली. मी एका बाजूला, सुहास दुसऱ्या बाजूला. पत्रा कुरकुरला, पण दबला नाही. खुर्ची रस्त्यावर आली तशी गल्लीतल्या सगळ्यांनी, अगदी लग्नात वाजवतात तशा, टाळ्या वाजवल्या. नानांनी मागं वळून पाहिलं नाही, कारण त्यांना डोळे पुसताना कुणी बघायला नको होतं. माई मात्र वळून वळून चराकडे बघत होत्या.

ते काम साहेबांनी दुसऱ्या दिवशी पुरं केलं. खडक फोडायला मोठा ब्रेकर आणला आणि रॅम्प वाळेपर्यंत फाटक तसंच खाली ठेवलं, खालून भक्कम लाकडं लावून. मी बँकेत होते, त्यामुळे मला ते दिसले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची शहराच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. त्या वर्षी धो धो पाऊस झाला आणि पाणी आमच्या दारावरून खळखळत नालीतून निघून गेलं; मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून ते बघत बसले होते. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "ताई, इकडं बी सगळे एकाच डोक्याचे हायत," आणि मोठ्यानं हसले. त्यांची माझी भेट परत झाली नाही.

माझ्या डोळ्यांपुढे ते येतात ते त्याच दिवशीच्या दिवेलागणीचे. नाना माईंना घेऊन परत आले तेव्हा साहेब अजून चरातच होते, रफिकबरोबर खडकाशी झुंजत. खुर्ची दिसताच ते पुन्हा वाकले आणि फाटकाला पाठ लावली. नाना भरभर पलीकडे नेणार, तेवढ्यात मध्यावरच माईंनी हात वर केला. "थांबा जरा."

"अगं, साहेबांच्या पाठीवर हाईस तू!"

"म्हणूनच थांबलेय," माई म्हणाल्या आणि खुर्चीतून जमेल तेवढं वाकून खाली बोलल्या. "साहेब, आमच्या गावात पिंपळाखालच्या विहिरीला अजून पाणी हाय. अन् सुभद्राची म्हैस व्याली. रेडी झाली."

खालून धापा टाकत आवाज आला.

"लई बेस झालं, माई. नाव काय ठेवलं?"

"ते इचारायचं राहिलं."

"मग उद्या जाल तेव्हा इचारून या," साहेब म्हणाले.